रेहेमा चुकीच्या जीपमध्ये बसली

रेहेमाला जालन्याला पोचायला पाच दिवस लागले. टांझानियातल्या शिन्यांगा भागात तिचं गाव. तिथून भावाच्या मोटारसायकलवर मागं बसून, मांडीवर बॅग धरून ती डांबरी रस्त्यापर्यंत आली. मग समुद्रकाठच्या दार-एस-सलाम शहरापर्यंत सोळा तासांची बस आणि तिथून विमान. अदिस अबाबाला विमान बदलायचं होतं, पण पुढचं विमान अकरा तास उशिरा निघालं. झोप लागली तर पुकारा ऐकू येणार नाही या भीतीनं ती अकरा तास खुर्चीत ताठ बसून राहिली. मुंबईला उतरली तेव्हा पाय इतके सुजले होते की बूट चढेनात. पासपोर्ट तपासणाऱ्या माणसानं कुठं चाललीस विचारलं. ती म्हणाली, जालना. ती काहीतरी चुकीचं बोलतेय असं वाटून त्यानं तेच पुन्हा विचारलं, आणि तिनं पुन्हा तेच सांगितलं.

तिच्या आरक्षणाची गाडी एव्हाना निघून गेली होती. स्टेशनातल्या बायकांच्या प्रतीक्षालयात बॅगेला पाठ टेकून तिनं रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीत कशीबशी जागा मिळवली. खिडकीबाहेर आधी डोंगर गेले, मग सपाट, काळी जमीन सुरू झाली. ती जमीन ओळखीची वाटत होती, पण डोळे उघडे राहात नव्हते.

जालना स्टेशनवर राधेश्याम सर तिच्या नावाची पाटी घेऊन उभे होते. राजूर रस्त्यावरच्या कृषी महाविद्यालयात ते बियाणं-शास्त्र शिकवायचे आणि सरकारी शिष्यवृत्तीवर आलेली ही त्यांची पहिलीच परदेशी विद्यार्थिनी. त्यांनी झेंडू-शेवंतीचा गुच्छ आणला होता. प्रवास कसा झाला, असं त्यांनी विचारलं. चांगला, असं म्हणून ती गाडीत बसली आणि गुच्छ मांडीवर घेऊन बसल्याजागी झोपली. वसतिगृहात पोचल्यावर ती आणखी सतरा तास झोपली.

जागी झाल्यावर खरी पंचाईत सुरू झाली.

कुणी वाईट वागत होतं असं नाही, उलट सगळे मदतच करत. पण शिन्यांग्यात सकाळी कुणी भेटलं की आधी रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, गुरं कशी आहेत, शेत कसं आहे, सगळं विचारून व्हायचं आणि मगच कामाचं बोलणं निघायचं. इथं लोक तिच्याकडे टक लावून बघत, कधी हसत, कुणी फोटो काढू का म्हणून विचारत. तिची आई कशी आहे, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. वर्गात सर इंग्रजीत शिकवत, पण तास संपला की सगळ्यांची जीभ मराठीत वळे आणि ती एकटी पडे.

जेवणाचं तर विचारू नका. खानावळीचा स्वयंपाक गोजरबाई करायच्या. त्यांच्या हाताला चव होती, पण काळा मसालाही मोकळ्या हातानं पडायचा. पहिल्याच घासाला रेहेमाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ती केळी आणि पाव खाऊन दिवस काढू लागली. गोजरबाई रोज तिच्या ताटाकडे बघून हळहळायच्या.

"असं काय करून राह्यली बाई तू? एवढ्याशानं माणूस जगतं व्हय?" असं त्या म्हणायच्या आणि आणखी एक केळं तिच्या हातात द्यायच्या. रेहेमाला शब्द कळत नसत, सूर कळायचा, आणि त्यानं तर आणखीच रडू यायचं.

वर्गात तिच्या शेजारी सबिहा बसायची. सबिहा जाफराबादची. तिचे वडील लालमियाँ गाद्या-रजया भरायचे, कापूस पिंजायचं मशीन त्यांच्या घरातच होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी सबिहा गावी जायची आणि दर वेळी रेहेमाला चल म्हणायची. रेहेमा नको म्हणायची. अजून एक अनोळखी घर, अजून अनोळखी माणसं, एवढं बळ आपल्यात नाही असं तिला वाटायचं.

तीन आठवडे असेच गेले. चौथ्या शनिवारी सकाळी धाकट्या बहिणीचा मेसेज आला. आता तुझ्या पलंगावर मी झोपते, तुझी उशी फार मऊ आहे, असं तिनं गमतीनं लिहिलं होतं. रेहेमानं ते दोनदा वाचलं. मग ती उठली, बॅग भरली, आणि कुणाला काही न सांगता फाटकाबाहेर येऊन उभी राहिली.

पुढं काय करायचं हे तिनं नीट ठरवलं नव्हतं. जालना स्टेशन, मग मुंबई, आणि मुंबईत आपली भाषा बोलणारं कुणीतरी भेटेल, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात एक काळीपिवळी जीप येऊन थांबली. काचेवर काहीतरी लिहिलं होतं, पण तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती. तिनं ड्रायव्हरला विचारलं, "जालना?"

ड्रायव्हरचं नाव बबलू. जीप जालन्याहूनच आली का, असं ती विचारतेय असं त्याला वाटलं. "हौ, जालना. बराबर," तो म्हणाला आणि त्यानं तिची बॅग टपावर टाकलीसुद्धा.

बराबर हा शब्द ऐकून रेहेमा चमकली. तिच्या स्वाहिली भाषेत बराबरा म्हणजे रस्ता, आणि बराबरा म्हणजे अगदी नीट, योग्यसुद्धा. इतक्या दिवसांत परक्या तोंडून आलेला हा पहिला ओळखीचा शब्द होता. तिला एकदम हलकं वाटलं. दोन बायकांच्या मधे अंग चोरून ती बसली आणि जीप निघाल्यावर पाच मिनिटांत तिला झोप लागली. शेजारच्या बाईनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर राहू दिलं.

जाग आली तेव्हा जीप रिकामी होत होती. समोर एक लहानसं बसस्टँड, रसाची गाडी, सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर. रेल्वेचा कुठं मागमूस नव्हता. स्टेशन कुठं आहे, असं तिनं बबलूला खुणांनी विचारलं. त्यानं कपाळाला हात लावला आणि समजावून सांगितलं, की हे जाफराबाद, इथं रेल्वे न्हाई, अन् जालना तर मागं राह्यलं. वाईट त्यालाच जास्त वाटलं. परतीच्या जीपमध्ये फुकट बसवून देतो, असं तो सांगत होता, पण रेहेमाच्या कानावर फक्त एक शब्द पडला होता. जाफराबाद. त्या गावात तिच्या ओळखीचं एक माणूस होतं.

तिनं सबिहाला फोन लावला. मी तुझ्या गावात, स्टँडवर आहे, एवढंच ती म्हणाली.  दहा मिनिटांत सबिहा चपला वाजवत स्टँडवर आली, बॅगेचा एक बंद तिनं धरला, एक रेहेमानं, आणि दोघी घराकडे चालू लागल्या. वाटेतच सबिहानं राधेश्याम सरांना फोन करून टाकला, की रेहेमा माझ्याकडं दोन दिवस राहायला आलीय, काळजी करू नका.

सबिहाची आई रहिमाबी दारातच उभी होती. पोरगी बाहेरून आली की तिला आधी पाणी, मग बाकीचं, हा तिचा नियम. रेहेमानं पाणी प्यायल्यावर रहिमाबीनं तिचा हात हातात घेतला.

"नाम क्या बेटा तेरा?"

"रेहेमा."

"मेरा नाम मेरे को मालूम है," रहिमाबी म्हणाली. "तेरा बोल."

रेहेमानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवून पुन्हा तेच नाव सांगितलं. रहिमाबीनं सबिहाकडे बघितलं. सबिहा हसत सुटली आणि तिनं एकीला इंग्रजीत, एकीला घरच्या उर्दूत समजावलं, की तुम्हा दोघींचं नाव एकच आहे, अर्थही एकच आहे, दया.  मग रहिमाबीनं आत मशीनवर कापूस पिंजत बसलेल्या नवऱ्याला हाक मारून सांगितलं, की समुंदरापलीकडून माझ्या नावाची पोरगी आलीय, बाहेर येऊन बघा. लालमियाँ आले, तर केसांत, भुवयांत, दाढीत सगळीकडे पांढरा कापूस. त्यांना बघून रेहेमा तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली.

मग रहिमाबीनं तिला समोर बसवलं आणि सावकाश विचारायला सुरुवात केली. घरात सगळी खैरियत आहे ना? अम्मा कशी? अब्बा कसे? भाऊ किती, बहिणी किती, लग्नं झाली का? जनावरं आहेत का? यंदा शेत कसं आलं? सबिहा एकेक सांगत होती आणि रेहेमा उत्तरं देत होती. खैरियत शब्दाशी ती थांबली. आमच्याकडे हेरी म्हणतात, ती म्हणाली. लालमियाँना मजा वाटली. त्यांनी बसल्याजागी साबणाकडे बोट दाखवलं. साबुनी, रेहेमा म्हणाली. पुस्तक? किताबू. औषध? दावा. दुनिया? दुनिया. सबिहानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं शब्द लिहायला घेतले. पूर्वी अरबांची जहाजं दोन्हीकडच्या बंदरांत जायची, त्यांनीच वाटले असतील, असं लालमियाँनी ठरवून टाकलं.

एवढ्यात रेहेमाचा फोन वाजला. स्क्रीन बघून ती म्हणाली, "मामा."

"मामू का फोन है," म्हणत रहिमाबीनं डोक्यावरचा पदर सावरला. पण फोनवर दिसली एक भरल्या अंगाची बाई, डोक्याला पिवळं कापड गुंडाळलेली. स्वाहिलीत आईला मामा म्हणतात हे कळल्यावर रहिमाबीनं फोनच आपल्या हातात घेतला आणि दोघी आया एकमेकींकडे बघत राहिल्या. मग शिन्यांग्याच्या आईनं काळजीच्या सुरात काहीतरी विचारलं आणि डोक्याकडे हात नेला. रेहेमानं मान खाली घातली. सबिहानं विचारल्यावर तिनं सांगितलं, की आई माझ्या केसांबद्दल बोलतेय. निघायच्या आदल्या दिवशी घातलेल्या वेण्या आता विसकटल्यात. घरी आई आणि बहिणी घालतात. इथं ते कुणाला जमत नाही, म्हणून मी डोक्याला रुमाल बांधून फिरते.

रहिमाबीनं ऐकून घेतलं. मग ती उठली, खोबरेल तेलाची बाटली आणि मोठ्या दातांचा कंगवा घेऊन आली, पाटावर बसली आणि आपल्या पुढ्यातल्या जमिनीवर थाप मारली.

"इधर बैठ," ती म्हणाली. "अम्मा को बोल, सिखाओ."

सबिहानं फोन पाण्याच्या माठाला टेकवून उभा केला. रेहेमा रहिमाबीच्या दोन्ही गुडघ्यांच्या मधे बसली, घरी आईच्या पुढ्यात बसायची तशी. तिकडून आई हातवारे करून सांगत होती. तीन बटा घे. वळ. आता बाजूचे थोडे केस उचल, त्यात मिळव. पुन्हा वळ. टाळूला धरून, घट्ट. पहिल्या वेणीला रहिमाबी दोनदा चुकली. तिकडची आई हसून नाही नाही म्हणाली. तिसऱ्या खेपेला रहिमाबीच्या ध्यानात आलं.

"ये तो सागरवेणी है. बस, बारीक करना."

मग तिचा हात सुटला. शेजारच्या महजबीनभाभी आल्या, त्यांनी उजवी बाजू घेतली. दुपारची उन्हं अंगणातून सरकून भिंतीवर गेली तरी काम चालूच होतं. डोक्यावर नांगराच्या तासांसारख्या सरळ ओळी उमटत गेल्या. मधेच कधीतरी रेहेमाला रडू आलं. रहिमाबीला ते तिच्या खांद्यांवरून कळलं. तिनं डावा हात क्षणभर तिच्या गालावर ठेवला आणि पुन्हा वेणी वळायला घेतली. फोनमध्ये आईनंही डोळे पुसले. मग त्या आईनंच तिकडून काहीतरी बोलून रेहेमाला हसवलं. काय म्हणाली, असं सगळ्यांनी विचारलं. ती म्हणते, मागची एक ओळ वाकडी आली, पण मी परक्या बाईला बोलणार नाही, असं रेहेमानं सांगितलं. रहिमाबीनं ती वेणी लगेच उसवली आणि पुन्हा घातली.

संध्याकाळी रेहेमानं ज्वारीचं पीठ मागितलं. उकळत्या पाण्यात पीठ घालून, दोन्ही हातांनी डाव धरून तिनं ते असं घोटलं, की पातेलं धरायला लालमियाँना बसवावं लागलं. तिच्याकडे याला उगाली म्हणतात. रहिमाबीनं शेजारी तांदुळजाची भाजी केली, तिखट न घालता. रेहेमानं दाखवलं, की घासाचा गोळा करायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा, त्यात भाजी घ्यायची. लालमियाँनी एक गोळा खाल्ला, विचार केला, आणि जरा ठेचा असता तर बराबर झालं असतं असं मत दिलं. रेहेमा तीन वेळा वाढून घेऊन जेवली.

रविवारी लालमियाँना गाद्यांसाठी नवा कापूस बघायचा होता. गावाबाहेर त्यांचे जुने दोस्त पुंजाराम यांचं शेत होतं, तिथं वेचणी चालू होती. सबिहा आणि रेहेमाही बरोबर गेल्या. बांधावर पोचल्यावर रेहेमा थबकली. काळ्या रानात बोंडं फुटून सगळं पांढरं झालं होतं. तिच्या गावाकडे असंच रान, असाच कापूस, फक्त वेचणी जूनमध्येच उरकलेली. इथं तो पुन्हा तिच्यासमोर उभा होता.

तिनं खांद्यावरचं रंगीत कापड काढलं, कमरेला गाठ मारून त्याची झोळी केली आणि कुणाला न विचारता एका ओळीत शिरली. वेचणाऱ्या बायका कौतुकानं बघत राहिल्या. पाहुणी आहे, दोन बोंडं वेचील आणि फोटो काढील, असं त्यांना वाटलं. पण तिचे दोन्ही हात वेगवेगळ्या फांद्यांवर चालत होते आणि कापसात वाळकं पान येत नव्हतं. वेचणीच्या बायकांत द्वारकाबाई सगळ्यात पटाईत. त्यांनी शेजारची ओळ धरली. काही वेळ दोघी बरोबरीनं चालल्या.

"ही आपल्यातलीच हाय गं," द्वारकाबाई मागं वळून बाकीच्यांना म्हणाल्या. "शाळंतून आल्ती म्हने, पन हात शेतातला हाय."

मग रेहेमानं गाणं धरलं. त्यांच्याकडे एकानं ओळ म्हणायची आणि रानातल्या सगळ्यांनी उत्तर द्यायचं अशी रीत. तिनं ओळ म्हटली आणि थांबली. कुणालाच काही कळलं नाही. तिनं उत्तरही स्वतःच म्हणून दाखवलं. दुसऱ्या वेळी सबिहानं तिला साथ दिली, तिसऱ्या वेळी द्वारकाबाईंनी, आणि मग सगळ्याच बायकांनी, शब्द कसेही, पण ताल पक्का. त्यांचं झाल्यावर द्वारकाबाईंनी आपलं गाणं म्हटलं आणि उत्तराच्या जागी रेहेमानं आवाज लावला. बांधावर लालमियाँ आणि पुंजाराम कापसाचं बोलणं सोडून ऐकत बसले.

दिवसाअखेर वजन झालं. द्वारकाबाईंचा कापूस बत्तीस किलो भरला, रेहेमाचा एकोणतीस. रेहेमानं हात जोडून हार कबूल केली. पुंजारामांनी मंगळवारी येशील का म्हणून विचारलं. मंगळवारी परीक्षा आहे, असं तिनं सांगितलं, आणि आपण हे काय बोललो हे तिच्या मागाहून ध्यानात आलं. स्टेशनावर जायचा विचार कालपासून तिच्या मनात एकदाही आला नव्हता.

सोमवारी ती महाविद्यालयात परतली आणि स्वतःहून राधेश्याम सरांकडे गेली. मी पाहुणी म्हणून गेले नव्हते, पळून चालले होते, असं तिनं सांगून टाकलं. सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी तिला जे सांगितलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ते स्वतः शिकायला लुधियान्याला गेले होते आणि आठव्या दिवशी पळून आले होते.

"मग?" रेहेमानं विचारलं.

"मग काय, आईनं पोटभर जेवू घातलं, अन् वडिलांनी दुसऱ्या दिवशी परत गाडीत बसवलं."

त्यानंतर गोष्टी सोप्या होत गेल्या. सगळ्या एकदम नाही. थंडी पडली तेव्हा एक आठवडा वाईट गेला, नाताळात दुसरा. पण गोजरबाईंना तिनं एके दिवशी मराठीत विचारलं, "रात्र कशी गेली? गुरं कशी आहेत?" गोजरबाईंकडे गुरं नव्हती, एक शेळी होती. त्या शेळीची तब्येत त्यांनी इतक्या तपशिलात सांगितली की भाजी करपली. पुढं रोज सकाळी आधी शेळीची चौकशी व्हायची, मग चहा.

जानेवारीत पुंजारामांच्या शेतात हुरडा होता. ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजून, चोळून, गरम गरम खायची. सबिहा, रहिमाबी, महजबीनभाभी, द्वारकाबाई, सगळ्या जमल्या. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पिकवतो, पण ती अशी खायची कुणालाच कशी सुचली नाही, म्हणून रेहेमा हळहळत होती आणि खात होती. तोंड काळं, बोटं काळी. तळहातावर कणसं चोळताना ती द्वारकाबाईंशी मराठीत भांडत होती, की माझा वाटा कमी आला. दोघींचा आवाज बांधापलीकडं जात होता.

सबिहाच्या घरी पोचल्यावर रेहेमानं फोन बघितला. आईचे चार फोन येऊन गेले होते. तिनं घाईनं परत लावला. आईनं रात्र कशी गेली विचारलं नाही, शेताचं विचारलं नाही.

"आठवडा झाला, तुझा फोन नाही," आई रागावून म्हणाली. "आम्हाला विसरलीस की काय?"

रेहेमानं काळ्या बोटांनी फोन तोंडाजवळ धरला आणि हुरडा म्हणजे काय हे ती आईला सांगू लागली.